पाँडिचेरीत पाच आठवडे, पण करायचं काय?

या महिन्याच्या पत्रांत तिघांनी एकाच गावाबद्दल विचारलं आहे. दोष माझाच. या सदरात मी दोनदा पुदुच्चेरीचा विषय काढला आणि दोन्ही वेळा जागा संपली म्हणून अर्धवट सोडला. यावेळी संपादकांशी भांडून जास्तीची जागा घेतली आहे.

प्रश्न : ताई, मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो, मंडळी शाळेतून यंदा जूनमध्ये झाल्या. आजवर सहली केल्या त्या सगळ्या बसवाल्याच्या शिट्टीवर, सात दिवसांत अकरा ठिकाणं. आता एकाच गावात, समुद्राकाठी, पाच आठवडे नुसतं राहावं असं मनात आहे. तुम्ही पाँडिचेरीला राहून आलात ते वाचलं. पण मुलगी म्हणते, “बाबा, ते गाव तीन दिवसांत बघून होतं. उरलेले दिवस काय करणार?” कधी जावं, घर कुठं घ्यावं, जेवणाचं कसं करावं? आम्हाला तमिळ येत नाही आणि मंडळींचे गुडघे दुखतात.
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तुमच्या लेकीचं काही चुकत नाही. आमचं तर अडीच दिवसांतच उरकलं. गांधीजींचा पुतळा, जुनं दीपगृह, मनकुळ विनायगर हे गणपतीचं देऊळ, अरविंद आश्रमातली समाधी, दोन चर्च, बोटॅनिकल गार्डन. तिसऱ्या दिवशी दुपारी ह्यांनी चष्मा काढून विचारलं, “आता?” मुक्काम बेचाळीस दिवसांचा होता. मग आम्ही वाण्याचं दुकान शोधायला बाहेर पडलो. तिथून पुढचे एकोणचाळीस दिवस कसे गेले ते लिहिते. लेकीला वाचून दाखवा.

आधी कधी जायचं ते. आपल्याकडचा हिशोब तिकडे चालत नाही. आपला पावसाळा संपला की त्यांचा सुरू होतो, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत. २०२४च्या नोव्हेंबरअखेर फेंगल चक्रीवादळ आलं तेव्हा त्या शहरात एका दिवसात ४५ सेंटिमीटरहून जास्त पाऊस पडला. कासकडच्या माणसाला पावसाचं भय नसतं हे मला माहीत आहे, पण तिथली जमीन सपाट आहे, पाणी उताराला लागत नाही. आणि पूर आम्हा सांगलीकरांना कुणी शिकवायला नको. तेव्हा दिवाळीची सुटी धरून जाऊ नका. जानेवारी-फेब्रुवारी उत्तम. आम्ही २०२४च्या जानेवारीच्या तीन तारखेला पोचलो. पहिल्याच आठवड्यात एकदा धो धो कोसळला, नंतर मात्र परतेपर्यंत आभाळ स्वच्छ. मार्च सरला की उकाड्यानं जीव नको होतो म्हणतात.

जायचं कसं, हे तुम्ही विचारलेलंच नाही, म्हणजे तुम्हाला चेन्नईवरून फिरून जावं लागतं असं वाटत असणार. दादरहून पुदुच्चेरीला जाणारी चालुक्य एक्सप्रेस पुणे, सातारा, कराड, सांगली, मिरज करत जाते. रोज नाही, आठवड्यातून तीनदा. तुम्ही पहाटे साताऱ्यात बसलात की आम्ही सकाळी सांगलीत चढतो, दुपारी हुबळी, रात्री बेंगळुरू आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विल्लुपुरमहून फुटणाऱ्या छोट्या फाट्यावरून शेवटचं स्टेशन. गाडी पुढं जातच नाही, त्यामुळं सामान उतरवायची घाई नाही. गुडघ्यांना खालचा बर्थ मागा.

आता घर. इथं माझं मत ठाम आहे. फोटोत दिसतात त्या पिवळ्या भिंतींच्या, बोगनवेल लोंबणाऱ्या गल्ल्या म्हणजे व्हाइट टाऊन, जुनी फ्रेंच वस्ती. तिथं राहू नका. शनिवार-रविवारी चेन्नई आणि बेंगळुरूची तरुण मंडळी येऊन त्याच भिंतींपुढं फोटो काढतात. खोलीतून बाहेर पडलं की आपण कुणाच्या तरी फोटोत. भाडंही अवाच्या सवा. आणि मुख्य म्हणजे त्या गल्ल्यांत कोथिंबीर मिळत नाही. गावाच्या मधून दक्षिणोत्तर एक कालवा जातो. पूर्वी त्याच्या समुद्राकडच्या अंगाला गोरे आणि दुसऱ्या अंगाला तमिळ लोक राहत. आजही कालवा ओलांडला की गाव बदलतं. इडलीवाला, शिंपी, सायकल दुरुस्ती, फुलांचे गजरे. तिकडे घर घ्या, नाहीतर उत्तरेला कुरुचिकुप्पम, मुत्तियालपेट या भागात. आम्ही मुत्तियालपेटेत एका जुन्या घराचा वरचा मजला घेतला होता. स्वयंपाकघर, दोन खोल्या, गच्ची. चालत समुद्र पंधरा मिनिटांवर. महिन्याच्या बोलीनं घेतलं की भाडं बरंच खाली येतं, दिवसाच्या हिशोबानं कबूल होऊ नका.

आणि पहिल्या दिवशी, चहा ठेवायच्याही आधी, विजेच्या मीटरचा फोटो काढा. आम्ही काढला नाही. निघायच्या आदल्या रात्री मालकांनी जो आकडा सांगितला तो ऐकून ह्यांना वाटलं, आपण इथं पिठाची गिरणी चालवली की काय. आमच्याकडे ना पहिलं रीडिंग, ना कागद. माणूस वाईट नव्हता, बहुधा खालच्या मजल्याचा पंपही आमच्याच मीटरवर होता. पण पैसे द्यावे लागले, आणि परतीच्या प्रवासात दावणगिरीपर्यंत तोच विषय.

जेवणाचं सांगते. मी इथून चार किलो ज्वारीचं पीठ दळून नेलं होतं. शहाणपणा! समुद्राच्या हवेनं दुसऱ्याच आठवड्यात त्याला कडवट वास आला, पंधराव्या दिवशी भाकरी तोंडात धरवेना. मीठ ओलं, पापड लुळे, काडेपेटी पेटेना. नेऊच नका. तिथं सकाळी पोंगल (तांदूळ-मुगाची मऊ खिचडी) किंवा इडली बाहेर खायची, दुपारी घरी भात आणि एक भाजी, रात्री पाव. पाव म्हणजे आपला लादी पाव नव्हे. फ्रेंच गेले तरी त्यांचा तो हातभर लांब, वरून कडक पाव राहिला आहे. कागदात गुंडाळून काखेत धरून घरी आणायचा आणि तव्यावर तूप सोडून भाजायचा. ह्यांनी तो शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खायला सुरुवात केली आणि शेवटी शेवटी खाली मालकीणबाईंनाही ती सवय लावली. पिण्याला वीस लिटरचे कॅन घरपोच येतात. विहिरी-बोअरचं पाणी मचूळ लागतं.

मंडईसाठी गोबेर मार्केट, तिथले लोक मोठा बाजार म्हणतात. एकदा बघायचं ठिकाण म्हणून जाऊ नका, रोज जा. आमचे हे चाळीस वर्षं सांगलीच्या यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी होते. पोंगल म्हणजे तिकडची संक्रांत, त्या सणाच्या दोन दिवस आधी आम्ही मार्केटात गेलो तर दारापासून उसाच्या मोळ्या उभ्या केलेल्या आणि त्यांच्या पायाशी हळद. गड्डे नव्हेत, पूर्ण रोपं! मुळाला ओली माती, वर कमरेएवढी हिरवीगार पानं, चार-चार रोपांची जुडी बांधलेली. सणाच्या दिवशी नव्या तांदळाचा पोंगल ज्या भांड्यात उतू घालवतात त्याच्या गळ्याला ही हळद पानांसकट बांधायची असते. ह्यांनी एक जुडी उचलली. कंद बोटानं खरवडला, वास घेतला, पुन्हा खरवडला. “कच्ची आहे. अजून महिना-दीड महिना पाहिजे होता,” असं विक्रेतीला मराठीत सांगितलं. तिनं तमिळमध्ये काहीतरी सुनावलं. मग ह्यांनी कंद उकडतात कसा आणि पॉलिश करतात कसा ते हातवारे करून दाखवलं, ड्रम फिरवल्यासारखं. ती हसायला लागली आणि शेजारणीलाही बोलावलं. दहा मिनिटं दोन भाषा समोरासमोर चालल्या होत्या आणि कुणाचंही अडलं नाही. आम्ही जुडी घेतली, घरी आणली आणि काय करायचं ते न कळून नळाला बांधली. मालकीणबाईंनी ती सोडवून आपल्या पातेल्याला बांधली आणि सणाच्या दुपारी आम्हाला गूळ-तांदळाचा गोड पोंगल आणून दिला.

तुमच्या भाषेच्या काळजीचं उत्तर यात आलं. हिंदी फारशी उपयोगी पडत नाही, मोडकं इंग्रजी चालतं. आकडे तेवढे तमिळमध्ये शिकून जा, ओन्रु, रेंडु, मून्रु. भाजीवाली खूश होते.

आता फिरण्याचं. गावाचे रस्ते काटकोनात आखलेले आहेत, त्यामुळं चुकायला होत नाही. सांगलीच्या गावभागात वाढलेल्या बाईला हे जरा अळणीच वाटतं. हा आराखडा फ्रेंचांचा असेल असं मी धरून चालले होते. पण ती आखणी डचांची. त्यांनी १६९३मध्ये फ्रेंचांकडून गाव घेतलं आणि १६९९मध्ये परत केलं, त्या सहा वर्षांत रस्ते आखले. पुढं १७६१मध्ये इंग्रजांनी वेढा घालून गाव जिंकलं आणि जमीनदोस्त केलं. फ्रेंच १७६५मध्ये परतले. म्हणून तिथं जुनं म्हणून जे दाखवतात ते बहुतेक त्यानंतरचं आहे. आपल्याकडच्या काही वाड्यांचं वय त्याहून जास्त निघेल. हे कळल्यावर भारावून जाणं कमी होतं आणि बघणं वाढतं. मी मग बाल्कन्या सोडून दारांकडे बघायला लागले. तमिळ बाजूच्या घरांना पुढं ओटा असतो, लाकडी खांबांचा, वाटसरूला टेकायला. त्याच घरावर वरचा मजला मात्र कमानींचा, फ्रेंच वळणाचा. खालून सासर आणि वरून माहेर.

साताऱ्याच्या माणसानं एक गोष्ट मात्र चुकवू नये. १६७७मध्ये शिवाजी महाराज कर्नाटकच्या स्वारीवर जिंजीपर्यंत आले. तेव्हा पाँडिचेरीची फ्रेंच वखार जेमतेम तीन वर्षांची होती. वखारीचा प्रमुख फ्रान्स्वा मार्तँ यानं घाबरून आपला माणूस महाराजांच्या छावणीत पाठवला. त्यानं पाहिलेलं मार्तँनं आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. छावणीत थाटमाट नाही, बायका नाहीत, तंबू दोनच, तेही लहान आणि जाड्याभरड्या कापडाचे. एक महाराजांचा आणि एक प्रधानाचा. मी ही आठवण रोज संध्याकाळी तिथल्या हॉटेलांच्या झगमगाटातून चालताना काढायची.

जिंजी तिथून ७० किलोमीटरच्या आसपास आहे. एक दिवस राखून ठेवा आणि गाडी करून जा, बसनं तिंडिवनमला बदलावं लागतं. तीन डोंगर, त्यांना वेढणारी तटबंदी, आणि भातखाचरांतून उगवल्यासारखे दगडांचे ढीग. आपल्या सह्याद्रीच्या कातळाशी काही साम्य नाही, कुणी ट्रकनं धोंडे आणून ओतल्यासारखे वाटतात. १६८९च्या अखेरीस राजाराम महाराज इथं आले आणि जवळजवळ आठ वर्षं स्वराज्याची राजधानी इथून चालली. औरंगजेबाचा सरदार झुल्फिकारखान याचा वेढा असताना ते निसटले, १६९८च्या जानेवारीत किल्ला पडला, आणि त्यानंतर राजधानी तुमच्या साताऱ्याला आली. म्हणजे अजिंक्यताऱ्याच्या आधीचं घर हे. २०२५च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यांत महाराष्ट्राबाहेरचा एकटा जिंजी. मंडळींना राजगिरीच्या पायऱ्या झेपणार नाहीत. त्यांनी खाली कल्याण महालाच्या सावलीत बसावं, तिथवर सपाट आहे. मीही तिथंच बसले. हे वर जाऊन आले आणि दोन दिवस जिना उतरताना कठडा धरत होते.

गुडघ्यांवरून आठवलं. औषधं पुरेशी न्या, पण जीव घाबरा करून घेऊ नका. जिपमेर हे केंद्र सरकारचं मोठं वैद्यकीय महाविद्यालय आणि इस्पितळ त्याच शहरात आहे, त्याचं मूळ १८२३च्या फ्रेंच वैद्यकीय शाळेत आहे.

राहता राहिला समुद्र. आपला समुद्र म्हणजे गणपतीपुळं, म्हणजे संध्याकाळ. इथं सगळं उलटं. सूर्य समुद्रातून वर येतो आणि संध्याकाळी पाठीमागं गावात कुठंतरी मावळतो. पहिले चार दिवस आम्ही सवयीनं संध्याकाळी जाऊन बसायचो आणि काहीतरी चुकतंय असं वाटायचं. पाणी साडेपाचलाच शाईसारखं व्हायला लागतं. मग आम्ही पहाटे जायला लागलो. किनाऱ्याचा रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत वाहनांना बंद असतो, त्यामुळं दीड किलोमीटर निवांत चालता येतं, मधे बाकही आहेत. जानेवारीत साडेसहाच्या सुमाराला सूर्य येतो. शाकंभरी पौर्णिमेला मात्र आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो. आधी क्षितिजावर नुसतं तांबूस काहीतरी, मला वाटलं बोटीला आग लागली. मग तो भाकरीएवढा, भाकरीसारखाच एका बाजूनं जरा करपलेला चंद्र पाण्यातून वर आला. रस्त्यावरची अख्खी गर्दी गप्प झाली.

पाण्यात उतरायचा विचार गावात तरी सोडा. समोर काळे धोंडे आहेत. तिथं पूर्वी वाळूचा किनारा होता. त्या किनाऱ्यावर लाटांबरोबर वाळू वर्षाचा बराच काळ दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८०च्या दशकाच्या शेवटी अरियनकुप्पम नदीच्या मुखाशी बंदरासाठी धक्के बांधले, सरकणारी वाळू तिथं अडली आणि गावापुढचा किनारा लाटांनी खाल्ला. धोंडे टाकले ते उरलेला रस्ता वाचवायला. अलीकडे पाण्याखाली एक बांध घातल्यानंतर थोड्या भागात वाळू परत बसली आहे. धरणामागं नदीचा गाळ अडल्याचं तुम्ही नोकरीत पाहिलंच असेल, हे त्याच जातीचं.

एवढं सगळं करून उरलेले दिवस? भारतियारांचं घर बघा. तमिळ कवी सुब्रह्मण्य भारती इंग्रजांच्या वॉरंटातून सुटून १९०८मध्ये फ्रेंच हद्दीत आले आणि दहा वर्षं राहिले. त्याच कारणानं १९१०च्या ४ एप्रिलला अरविंदबाबू आले आणि १९५०पर्यंत गाव सोडलं नाही. बडोद्याच्या नोकरीत ते मराठी शिकले होते आणि त्यांना योगाची वाट दाखवणारे विष्णु भास्कर लेले आपलेच. आश्रमात समाधीपाशी फक्त फुलं आणि शांतता. फोन बंद करून बसा. मी पूजापाठातली बाई नाही, तरी आठवड्यातून दोनदा जायची. ऑरोविल या गावाबाहेरच्या आंतरराष्ट्रीय वसाहतीला एक चक्कर पुरे. तिथल्या मातृमंदिराच्या, म्हणजे ध्यानमंदिराच्या, आतल्या दालनासाठी आधी नोंदणी लागते. अरिकमेडू या प्राचीन बंदराच्या जागी बघण्यासारखं फार काही उरलेलं नाही, चार विटांच्या भिंती आणि आंब्याची झाडं. पण १९४५मध्ये पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरनं तिथंच रोमन मद्यकुंभांचे तुकडे काढले. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममधली ब्रह्मपुरीत सापडलेली पोसायडन या ग्रीक-रोमन समुद्रदेवाची छोटी मूर्ती पाहून जा, मग त्या ओसाड जागेत उभं राहायला मजा येते.

शनिवार-रविवारी आम्ही बाहेर पडायचो नाही. धुणं काढायचो, गच्चीत पत्ते खेळायचो. दुपारी एक ते चार दुकानंही झोपतात, तेव्हा आपणही झोपावं.

प्रश्न : काकू, मी विट्याची, घरून काम करते. एकटीनं महिनाभर तिथं राहून काम करता येईल का? आई नको म्हणते.
– एक वाचक, विटा

उत्तर : येईल. एकट्या बायका सायकलवरून हिंडताना तिथं सर्रास दिसतात, आणि माझ्याकडे कुणी वळून पाहिलं नाही (माझ्या वयाला ते पुरावा म्हणून धरू नकोस). आईसाठी तोडगा असा, की पहिले आठ दिवस आश्रमाच्या अतिथिगृहात राहा. रात्री फाटक बंद होतं, दारू-सिगारेटला मनाई आहे, जेवण साधं. आईला फाटकाची वेळ कळव, ती निश्चिंत होईल. तेवढ्यात घर शोध आणि इंटरनेट स्वतः लावून बघितल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नकोस. आईला पहिल्या आठवड्यात बरोबर ने हे सगळ्यांत उत्तम, पण मग ती परत येणार नाही.

प्रश्न : एवढ्या लांब कशाला? गोवा आपल्याला जवळ आहे. पणजीही राजधानीच, समुद्रही आहे.
– एक वाचक, मिरज

उत्तर : पणजी मला आवडते. फोंतैनीशच्या गल्ल्या पाँडिचेरीपेक्षा कणभर सरसच. पण मिरजेच्या माणसानं गोव्यात महिन्याचं घर घेतलं की दर शुक्रवारी रात्री एक मेव्हणा, दोन साडू आणि त्यांची पोरं येऊन थडकणार. माझ्या थोरल्या बहिणीनं करून पाहिलंय. बेचाळीस दिवसांत आमच्याकडे पुदुच्चेरीत एकही पाहुणा आला नाही.

शाहूपुरीच्या वाचकांनी तळटीपेत विचारलं होतं, घरमालकांना इकडचं काय न्यावं. तुम्ही कंदी पेढे नेणार हे उघड आहे, पण ते पोचेपर्यंत सव्वा दिवस जातो, फार आधीचे घेऊ नका. आम्ही बेदाणे आणि भडंग नेलं. बेदाणे पोंगलात पडले. भडंग मात्र दुसऱ्या दिवशी मऊ पडलं. घट्ट झाकणाच्या डब्यात न्या.